आवाज त्याचा, रेकॉर्डिंग त्यांचं

याकोब साळवे गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पारनेरच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फोटो त्याच्या लेकीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. वर लिहिलं होतं, ‘पारनेरचा आवाज हरपला’. खाली ‘शोकाकुल’ म्हणून चार दुकानांची नावं, एका मोबाईल शॉपीची ‘सर्व कंपन्यांचे हँडसेट मिळतील’ अशी ओळ, आणि सगळ्यात शेवटी, याकोबच्या नावापेक्षा ठळक अक्षरांत, एका चूर्णाच्या एजन्सीचं नाव. आदल्या सकाळी रूथवहिनींचा फोन आला होता, “भावजी, हे उठंनात…” मी पोचलो तेव्हा डॉक्टर हात धूत होते. झोपेतच हृदय थांबलं होतं. तिथे मी रडलो नाही. फ्लेक्सपुढे मात्र रडलो, कारण ज्यांनी त्याला आतून पोखरलं तेच त्याचे शोकाकुल म्हणून उभे होते. त्या चूर्णाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर तीही जाहिरातच व्हायची.

आम्ही दोघं एका वर्गात होतो. याकोबचे वडील चर्चमध्ये घंटा वाजवायचे, आणि दर रविवारी उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचं काम याकोबकडे असायचं. मी हिंदू घरातला, पण खिडकीशी उभा राहून ऐकायचो. घरात ‘हाय, न्हाई, व्हय’ बोलणारा हा मुलगा पुस्तक हातात घेतलं की असं स्वच्छ, भारदस्त वाचायचा की म्हाताऱ्या बायका डोळे मिटून घ्यायच्या. पुढे मी मेडिकलचं दुकान टाकलं आणि त्याने रिक्षावर भोंगा बांधला. तालुक्यात काहीही सांगायचं असलं की याकोब. नळाला पाणी दोन दिवस येणार नाही, शाळेत प्रवेश सुरू झालेत, बाजारात कुणाची म्हातारी आई चुकली आहे, तिने हिरवं लुगडं नेसलंय… लोक हातातलं काम थांबवून ऐकायचे. त्याच आवाजाने पाणी येणार नाही म्हणून सांगितलेलं असायचं आणि खरंच पाणी यायचं नाही. त्यामुळे त्याच आवाजाने सांगितलेली टूथपेस्ट, पुड्यातला चहा, गोरं करणारी क्रीम हेही खरंच असणार, असं लोक धरून चालले. आमच्या गल्लीतली राखुंडी याकोबने बंद केली, असं मी गमतीने म्हणायचो. तो हसायचा. “आपुन काय इकतो रं वसंता? आपुन नुसतं सांगतो. घ्यायचं का न्हाई ते ज्याचं त्यानं बघावं.”

दुकानाच्या काउंटरवरून मला दिसत होतं की कुणी बघत नव्हतं. खोकल्याचं औषध द्या, असं लोक म्हणेनासे झाले होते. जाहिरातीतली ओळच म्हणायचे. ताप आलेल्या नातवासाठी आजीला डॉक्टरने सांगितलेलं सोडून टीव्हीतलं बाळ पितं त्या टॉनिकचा डबा हवा असायचा. मीही तोच द्यायचो. समजावत बसायला वेळ कुणाला होता?

चार वर्षांपूर्वी ती एजन्सीवाली माणसं आली. मधुमेहाचं चूर्ण. याकोबला नगरच्या स्टुडिओत नेलं, काचेच्या खोलीत बसवलं, कागद दिला. त्याने तो वाचला. “साखर जाईल पळून, पेढा खा हसून! गोळी नको, सुई नको…” एका दुपारचं काम. परत आला तो खूश होता, तिथला मुलगा हेडफोन काढून त्याच्या पाया पडला होता म्हणे. महिन्याभरात तो आवाज टेम्पोंवर चढला आणि जिल्हाभर फिरला. माझ्या दुकानात गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, “ते ‘पेढा खा हसून’ द्या.” मी द्यायचो. पुडीत काय घातलंय हे तिच्यावर धड लिहिलेलं नव्हतं. मला ते कळत होतं. मी फार्मसी शिकलेला माणूस आहे.

त्याची थोरली बहीण मार्थाताई देवळाली प्रवऱ्याला राहायची. नवरा शुगर फॅक्टरीत होता, तो गेल्यावर एकटीच. तिला रोज दोन वेळा इन्सुलिन लागायचं. एका सकाळी तिच्या दारावरून टेम्पो गेला. तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं, “अगं, ह्यो माझ्या याकोबाचा आवाज हाय. त्यो खोटं कशाला बोलंल?” भावाला फोन करून विचारायची तिला गरजच वाटली नाही, भाऊ तर दारात येऊन सांगून गेला होता. तिने सुई बंद केली. शेजारीण तिला रागावली, तेव्हा तिने तिलाही एक पुडी आणून दिली. अडीच महिन्यांनी तिला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेलं आणि पाचव्या दिवशी ती गेली. उशाशी ठेवलेल्या पुड्या शेजारणीनेच याकोबच्या हातात दिल्या आणि सगळं सांगितलं. सांगताना तिच्या मनात काही नव्हतं. ती बिचारी म्हणाली, “तुमचं लई कौतुक करायच्या.”

दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे पुस्तक त्याच्यापुढे धरलं. याकोबने ते घेतलं, उघडलं, आणि मिटून परत दिलं. “ह्या तोंडानं न्हाई,” एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने चर्चमध्ये कधीच वाचलं नाही.

आठवड्याने तो एजन्सीच्या ऑफिसात गेला. मी बरोबर होतो. “माझा आवाज काढून टाका,” तो म्हणाला. समोरचा माणूस तरुण होता, अदबीने बोलत होता, आम्हाला चहाही मागवला. “साळवेकाका, आवाज तुमचा, पण रेकॉर्डिंग आमचं. तुम्ही सही केलीय ना?” याकोबने बहिणीचं सांगितलं. तो मुलगा म्हणाला, “वाईट झालं. पण पुडीवर बारीक अक्षरात लिहिलंय बघा, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा म्हणून.” आम्ही सरकारी कार्यालयात अर्ज दिला. अर्ज मिळाल्याचा शिक्का मिळाला. तो शिक्का अजून आहे.

मग याकोबने जे केलं ते पारनेरने पाहिलं आहे. त्याने हातात धरायचा कर्णा घेतला, जुनी एम-एटी दुचाकी काढली आणि त्या टेम्पोंच्या मागे गावोगाव फिरू लागला. टेम्पो गेला की तो चौकात उभा राहायचा. “मंडळी, आत्ता ऐकलात तो आवाज माझाच आहे. ते खोटं आहे. माझी सख्खी बहीण त्या चूर्णानं गेली. सुई बंद करू नका.” लोक गोळा व्हायचे, मोबाईल काढायचे… आणि हसायचे. “काय डोकं लावलंय कंपनीनं! एकाच माणसाची दोन तोंडं!” कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, तो तालुक्यात फिरला, खाली हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा. त्या आठवड्यात माझ्या दुकानातला चूर्णाचा खोका दोन दिवसांत संपला. एका गृहस्थाने पुडी घेताना मला डोळा मारला, “एवढा बोंबलतोय म्हंजे गुण असणार.” आयुष्यभर ज्याचं प्रत्येक वाक्य खरं मानलं, त्याचं एकच वाक्य लोकांनी जाहिरात म्हणून सोडून दिलं, आणि तेच तेवढं त्याचं स्वतःचं होतं.

आता माझं सांगतो, कारण ते न सांगता हा लेख लिहिणं म्हणजे पुन्हा पुडीच विकणं. मार्थाताई गेल्यावर मी चूर्ण समोरच्या फळीवरून काढलं आणि काउंटरखाली ठेवलं. मागेल त्यालाच द्यायचं. मी नाही दिलं तर पलीकडचा देईल, असं स्वतःला सांगत होतो. याकोब जाण्याच्या पंधरा दिवस आधी तो रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आला. उन्हातून फिरून चेहरा काळवंडला होता, घसा बसला होता. मी गोळ्या काढायला वाकलो, मागून एक बाई आली आणि म्हणाली, “ते पेढावालं द्या.” माझा हात सवयीने खाली गेला… वर आला तेव्हा पुडी हातात होती. याकोब पाहत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो त्या बाईकडे वळला आणि अगदी हळू म्हणाला, “ताई, सुई सोडू नका.” बाईने त्याला ओळखलं आणि हसली. ती गेल्यावर त्याने गोळ्या खिशात टाकल्या. “वसंता, त्यांना म्हाईत न्हवतं रं. तुला म्हाईत हुतं.” पायरी उतरून गेला. आमचं बोलणं तेवढ्यावर संपलं.

दुसऱ्या दिवशी मी तो माल परत पाठवला. त्याला ते सांगायला जाईन जाईन म्हणत राहिलो.

परवा रूथवहिनींकडे गेलो होतो. त्यांनी मला मोबाईल दाखवला. गुडघ्याच्या तेलाची जाहिरात, याकोबच्या आवाजात. हे तेल त्याच्या हयातीत बाजारात नव्हतंच. आता म्हणे माणूस लागत नाही, थोडा आवाज असला की कॉम्प्युटरकडून हवं ते वदवून घेता येतं. मी तक्रारीचं बोलू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. “भावजी, तुमच्याकडं ह्यांचं घरातलं बोलनं हाय का कुटं? नुसतं इकडचं तिकडचं… ‘जेवलीस का’ असं कायतरी?” मी फोन धुंडाळला. लेकीनेही धुंडाळला. काही नव्हतं. घरात कोण कुणाला रेकॉर्ड करतं?

तेवढ्यात रस्त्यावरून चूर्णाचा टेम्पो येताना ऐकू आला. मी दार लावायला उठलो. “ऱ्हाऊ द्या,” वहिनी म्हणाल्या, आणि स्वतःच उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. जाहिरात संपून पुन्हा सुरू होते, त्या मधल्या जागेत त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. भोंग्यातून एक श्वास ऐकू आला. वाचायच्या आधी नाकाने घेतलेला, जरासा अडखळलेला. “हे खरं ह्यांचं,” त्या म्हणाल्या. “तेलाच्या जाहिरातीत हे न्हाई.” मग पेढा, साखर, हसू सुरू झालं, आणि त्यांनी दार लावून घेतलं.