दूधवाली आणि उपड्या ताटल्या

तिला सगळे दूधवाली म्हणत. दूध ती विकत नव्हती, घरोघर घालत नव्हती, आणि त्यात पाणी मिसळायचा तर प्रश्नच नव्हता. ती दूध तपासायची. डेअरीच्या मागच्या अंगाला, टँकर धुवायच्या जागेपलीकडे, एक लांबोळकी खोली होती. खिडकीला जाळी, ओट्यावर काचेच्या नळ्या, कोपऱ्यात सदा घरघरणारा फ्रिज. टँकर आला की त्यातलं थोडं दूध तिच्याकडे यायचं आणि त्यात जंतू किती, कुठल्या जातीचे, कुठल्या चालीचे, हे ती सांगायची. जास्त निघाले की टँकर आल्या पावली परत. त्यामुळे टँकरवाले तिच्या वाऱ्याला उभे राहत नसत आणि मॅनेजर तिच्या शब्दाबाहेर जात नसे.

कॉलेजात असताना मात्र जंतूंशी तिचं वेगळं नातं होतं. तेव्हा ती त्यांना कामाला जुंपायची. या विद्येला सिंथेटिक बायॉलॉजी म्हणतात. जंतूच्या पोटात सूचनांची एक लांबच लांब दोरी असते. ती मधेच तोडायची, दुसऱ्याच कुणा जिवाच्या दोरीचा तुकडा तिथं जोडायचा, की तो जंतू पूर्वी करत नव्हता ते काम करायला लागतो. सासूला तिनं हे एकदा समजावून सांगितलं, तेव्हा सासू म्हणाली, "म्हणजे बैलाला वेसण घालतात, तशी किड्याला घालायची. एवढ्याला कॉलेज कशाला पाहिजे?"

तर कॉलेजात त्यांची एक टोळी होती. दूध नासायच्या आधी निळा पडून वर्दी देईल असा जंतू करायचा, असं त्यांच्या मनात होतं. देशोदेशीच्या पोरांचे असे जंतू घेऊन एक मोठा मेळावा भरतो, तिथं ही मंडळी जाऊन आली. निळा रंग काही आला नाही. फडकं पिळून काढल्यासारखा करडा आला. पण तिथं एक परीक्षक बाई, चष्मा कपाळावर चढवून, त्यांच्या टेबलापाशी ठाण मांडून उभी राहिली. "आणि मग? मग तुम्ही काय केलंत?" असं विचारत राहिली. बक्षीस दुसऱ्यांना गेलं. पण इतक्या बारकाईनं दूधवालीला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. लग्न ठरवतानासुद्धा नाही.

पुढे टोळी पांगली. कुणी विमा विकायला लागली, कुणी रंगाच्या कारखान्यात गेलं, आणि ही डेअरीत आली. मेळावा भरवणाऱ्या संस्थेनं मग जगभरच्या अशा पांगलेल्या मंडळींना एका धाग्यात ओवायचं ठरवलं. प्रत्येक भागाला एक स्वयंसेवक नेमला. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना त्यानं हुडकायचं, फोनवरच्या गटात आणायचं, बोलतं करायचं आणि नव्या पोरांच्या मदतीला उभं करायचं. या भागाची माळ दूधवालीच्या गळ्यात पडली. पडली म्हणजे, तिनंच मान पुढे केली.

"लष्कराच्या भाकऱ्या," सासू म्हणाली.

"असू देत," दूधवाली म्हणाली.

"असू देत काय? पीठ घरचं, जळण घरचं, हात घरचे. आणि लष्कर कुठं आहे ते तरी दाखव!"

सासूचं बोलणं झोंबायचं, कारण लष्कर खरोखरच दिसत नव्हतं. गटात नावं ढीगभर. आसपासच्या देशांतलीही होती. दूधवाली वाढदिवस लक्षात ठेवायची, नव्या पोरांचे फोटो टाकायची, लाडीगोडी लावायची. उत्तरादाखल यायचा तो फक्त उभा अंगठा. पिवळा, गुबगुबीत. ज्यांच्या नावामागे डिग्र्या लावायला ओळ पुरत नव्हती, ते झाडून सगळे अंगठेबहाद्दर झाले होते.

त्यातच तिनं एक घोडं पुढे दामटलं. या भागातल्या पोरांचा एक छोटा मेळावा तिच्याच गावात, कॉलेजच्या हॉलमध्ये भरवायचं तिनं संस्थेकडून कबूल करून घेतलं. संस्थेची अट साधी होती. पोरांच्या प्रत्येक टेबलाशी उभं राहायला जुनी, जाणती माणसं हवीत. महिनाअखेर तेवढी जमली तर मेळावा तुमचा, नाही तर दुसऱ्या शहराचा. दूधवालीनं आमंत्रण टाकलं. अंगठे आले. पुन्हा टाकलं. पुन्हा अंगठे, आणि एक फुलांचा गुच्छ. येतो असं कुणी लिहिलं नाही. त्यांच्या टोळीचा कप्तान, जो आता रंगाच्या कारखान्यात होता, त्याचाही अंगठाच.

मेळावा जातो की राहतो, या घोरात ती असतानाच समुद्रापलीकडच्या एका मुलीनं गटात प्रश्न विचारला. तिच्या टोळीचे जंतू दोरीचा तुकडा पोटात घेतच नव्हते. त्यासाठी जंतू बर्फात ठेवतात, क्षणभर गरम पाण्याचा चटका देतात आणि पुन्हा बर्फात घालतात. चटक्यानं जंतूची कातडी सैल होते आणि तुकडा आत शिरतो. मुलीनं विचारलं, चटका किती अंशांचा आणि किती वेळ?

गट मुका. पोरगी बिचारी ताटकळलेली. दूधवालीच्या एका हातात नळी, समोर टँकरवाला भांडायला उभा. तिनं दुसऱ्या हातानं झटकन लिहिलं, "त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास."

आता त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास हे डेअरीचं गणित. दुधातले जंतू मारायचं. ज्या उपायानं ती उभं आयुष्य जंतूंचा निकाल लावत होती, तोच तिनं त्यांना कामाला जुंपण्यासाठी सांगितला होता.

टँकरवाला गेल्यावर तिनं फोन पाहिला, तर गटात आग लागलेली.

"बाई, हे जंतू आहेत, बटाटे नव्हेत!"

"चटका द्यायला सांगितलं होतं, अंत्यविधी नव्हे."

"बेचाळीस अंश. पाऊण मिनिट. अर्धा तास कुणी शिकवला तुला?"

"पाऊण कशाला, अर्धं मिनिट पुष्कळ झालं."

"तुझे मेले असतील अर्ध्या मिनिटात, माझे पाऊण मिनिटात टुणटुणीत होते!"

ज्या विमेवालीनं गटात आल्यापासून तोंड उघडलं नव्हतं, तिनं तर चार लांबलचक निरोप टाकले. विमेवाली ही त्यांच्याच टोळीतली. दर वाक्यामागे उद्गारचिन्ह मारायची तिची सवय काही गेलेली नव्हती. दिवस मावळेपर्यंत मंडळी बर्फाचा चुरा करावा की खडे घ्यावेत यावर हमरीतुमरीवर आली. त्या पोरीला उत्तर तर मिळालंच, वर तिला मदत करायला तिघं जण आपणहून पुढे आले.

दूधवाली शरमेनं अर्धी झाली. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचं सलून होतं, घराच्या पुढच्याच खोलीत. दोन खुर्च्या, तीन आरसे, आणि गिऱ्हाइकाच्या मानेवर उडवायला पावडर. तो कात्री पुसत पुसत हसायला लागला.

"हसताय काय? अब्रू गेली माझी, अहो!"

"गेली ती गेली. पण बोलली ना मंडळी?" तो म्हणाला. "अगं, माझ्याकडे एखादं गिऱ्हाईक घुम्यासारखं बसतं. हो नाही, ना नाही. मग मी काय करतो? कालचा सामना हरलेल्यानं जिंकला म्हणून ठोकून देतो. लगेच तो मान वळवून मला शहाणा करायला लागतो. मान वळवू नका, कान जाईल, असं सांगावं लागतं."

"म्हणजे मी मुद्दाम चुकायचं?"

"मी कुठं म्हणालो? मी आपला केस कापणारा."

दोन दिवसांत गट पुन्हा निजला. दूधवालीनं सरळ मनानं आणखी एक आमंत्रण टाकलं. अंगठे. महिना सरत आला. तेव्हा तिनं मन घट्ट केलं आणि हॉलमध्ये कोण कुठं बसेल याचा एक नकाशा कागदावर काढून त्याचा फोटो गटात टाकला. खाली लिहिलं, "पोरांच्या सगळ्या ताटल्या झाकण वर करून मांडणार आहोत, म्हणजे दिसायला नीट दिसतील."

ताटली म्हणजे झाकणाची चपटी डबी. तिच्यात खळीसारखा थर असतो आणि त्यावर जंतूंचे ठिपके वाढतात. ती नेहमी उपडी ठेवायची असते. सुलटी ठेवली तर झाकणाला वाफ धरते, थेंब खाली गळतात आणि वेगवेगळ्या ठिपक्यांचा एकच चिखल होतो. या विद्येत पाऊल टाकणाऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात. चिखल झालेल्या ताटलीपुढे प्रत्येकजण एकदा तरी रडलेला असतो.

फोन इतका थरथरला की टेबलावरून सरकत काठाशी आला.

"झाकण वर? वर??"

"कुणीतरी त्या बाईला आवरा."

"पोरांनी वर्षभर राबायचं आणि हिनं तासाभरात चिखल करायचा! मी येते. ताटल्यांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते!!"

ही विमेवाली. तिच्या पाठोपाठ दुसरा, मग तिसरी. कुणी म्हणे हॉल मी बघतो, कुणी म्हणे टेबलं माझ्याकडे, हिच्या भरवशावर पोरं सोडण्यात अर्थ नाही. महिनाअखेरीआधीच प्रत्येक टेबलाला माणूस झाला. मेळावा गावात राहिला. दूधवाली "माझी चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे" असं सगळ्यांना लिहीत होती आणि सासूला लष्कर मोजून दाखवत होती.

एक जण मात्र काही बोलला नव्हता. एका दुपारी त्याचा फोन आला.

"काय गं," कप्तान म्हणाला, "ताटली उपडी ठेवायला मला कुणी शिकवलं?"

दूधवालीनं खोलीचं दार ओढून घेतलं.

"तू शिकवलंस. माझ्या पाठीत धपका घालून शिकवलंस. आणि आता वेड पांघरून पेडगावला जातेस होय? लोकांना खेळवतेस?"

"खेळवत नाही रे. बोलावतेय."

"सरळ बोलवायचं!"

"बोलावलं. तुलाही बोलावलं. काय दिलंस?"

कप्तानानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. मागं कारखान्यातली कसली तरी यंत्रं धडधडत होती.

"मी येतो," तो अखेर म्हणाला, "पण सगळ्यांना सांगणार. तोंडावर सांगणार."

"सांग. फक्त ताटल्या मांडून झाल्यावर सांग."

मेळाव्याच्या दिवशी दूधवाली सकाळी हॉलवर पोचली, तर तिच्या आधीच मंडळी हजर. विमेवालीनं स्वतःचे हातमोजे आणले होते. तिनं दूधवालीला दाराशीच अडवलं. "तू पाण्याचं बघ. आतलं आम्ही बघतो." एकानं तिला ताटली कशी धरायची हे हात धरून दाखवलं. दुसरीनं, बर्फ थंड असतो, एवढंच काय ते सांगायचं बाकी ठेवलं. दूधवाली "हो का? अस्सं होय?" करत फिरत होती. तोंडावरचं हसू ढळू देत नव्हती. शहाणपण लपवायला एवढी ताकद लागते हे तिला ठाऊक नव्हतं. आणि कप्तान भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, तिच्याकडे बघत होता. याचं तोंड केव्हा उघडेल आणि आलेली माणसं केव्हा पाठ फिरवतील, याचा नेम नव्हता.

पोरं आली. टेबलं भरली. प्रत्येक टेबलाशी एकेक जुनं माणूस वाकलं आणि हॉलमध्ये पोळ्याला धोंडा लागल्यासारखा गुणगुणाट झाला.

समुद्रापलीकडची ती चटकेवाली मुलगीही आली होती. तिचं टेबल विमेवालीकडे होतं. मुलीच्या टोळीनंही नासणाऱ्या दुधाची वर्दी देणारेच जंतू केले होते. ते पाण्यात सुरेख निळे पडत होते, दुधात मात्र पडत नव्हते. का ते विमेवालीला सांगता येईना. मुलीचा चेहरा उतरला. तेवढ्यात दूधवाली पाण्याच्या बाटल्या घेऊन तिथं पोचली.

"दुधात कसला रंग येतो?" तिनं विचारलं.

"करडा," मुलगी म्हणाली.

दूधवालीनं बाटल्या खाली ठेवल्या. "दूध नासायला लागलं की आंबतं. तुमचा रंग आंबटात टिकत नाही. आमचाही टिकला नव्हता. मला ते डेअरीत बसल्यावर, कितीतरी वर्षांनी उमगलं. आंबट सोसणारा रंग घ्यायला पाहिजे. दूध किती आंबलेलं होतं, मोजलंत?"

"मोजलं."

"आणि मग? मग तुम्ही काय केलंत?"

मुलगी सांगायला लागली. दूधवालीनं चष्मा कपाळावर सरकवला. ऐकता ऐकता तिचा हात टेबलावर गेला. मुलीनं घाईत एक ताटली सुलटी ठेवली होती. दूधवालीनं मुलीवरची नजर न काढता ती अलगद उचलली, उपडी केली आणि जागच्या जागी ठेवली.

"थांब," विमेवाली म्हणाली. "ती ताटली तू आत्ता उपडी केलीस."

दूधवालीनं हाताकडे पाहिलं. हात अजून ताटलीवरच होता.

"न बघता केलीस!"

"हाताला सवय आहे," दूधवाली बारीक आवाजात म्हणाली.

भिंतीपाशी कप्तान इतक्या मोठ्यानं हसला की सगळा हॉल वळला. "मी काही सांगितलं नाही हं!" तो ओरडला. "तिच्या हातानंच चहाडी केली!"

आजूबाजूची दोन-तीन माणसं जवळ आली. कुणाच्या डोक्यात काय शिरलं ते चेहऱ्यावर दिसायला लागलं. विमेवालीनं एकेक हातमोजा सावकाश काढला.

"म्हणजे तुला सगळं येत होतं."

"हो."

"आणि मी सकाळपासून तुला पाणी भरायला लावलं."

"पाणी कुणीतरी भरायला हवंच होतं की."

"मी गाडीत बसून येताना तुला किती शिव्या घातल्या, ठाऊक आहे? वाटभर घातल्या!"

"त्या तशाच राहू देत," दूधवाली म्हणाली. "फसवलं ते खरंच आहे. जायचं असेल तर जा, मी अडवायची नाही."

विमेवालीनं दाराकडे पाहिलं, मग मुलीच्या निळ्या ठिपक्यांकडे पाहिलं. मुलगी, आता नेमकं कुणाला सांगायचं, म्हणून दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

"पोरीचं अर्धवट टाकून कुठं जाऊ?" विमेवाली करवादली आणि हातमोजे परत चढवायला लागली. "पण पुन्हा असलं केलंस तर बघ."

"नाही करणार. पुढच्या वर्षी सरळ बोलावीन."

विमेवालीचा हात मोज्यात अर्धा शिरून थांबला. तिनं जरा विचार केला.

"नको," ती म्हणाली. "सरळ बोलावलंस तर मी अंगठा देईन. मला माझा भरवसा नाही. तू आपलं झाकण वरच ठेव."