फ्रिजला बांधलेली पोती

काय सांगू तुम्हाला, माणसानं म्हातारपणी एकदम शहाणं होऊ नये. मी झालो आणि फसलो.

माझी बायको सुमित्रा. तिला शुगर आहे, रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. औषध गार राहावं म्हणून ती ते ओल्या रेतीत पुरलेल्या गाडग्यात ठेवायची. तुमसरच्या लेकीला ते पटेना. तिनं फ्रिज पाठवला. औषधाची शिशी त्यात गेली.

आता मी जन्मभर तलावातले मासे विकलेला माणूस. गारवा कसा जपायचा हे मला कोणी शिकवावं? बर्फाची सिल्ली धानाच्या भुशात घालायची, वरून पोतं गुंडाळायचं. मोहाडीच्या बाजारापर्यंत थेंब गळत नाही. मग एवढा महागाचा गारवा उघडा कसा ठेवायचा? फ्रिजच्या मागं, बाजूनं भुशाची पोती ठासली, वरून गोणपाट गुंडाळलं, दोरीनं आवळलं. दार तेवढं मोकळं ठेवलं.

फ्रिज सारखा घुरघुरू लागला. हात लावला तर अंग तापलेलं. मी म्हटलं, उन्हाची झळ शिरते आहे. आणखी एक पोतं बांधलं.

सुमित्रा हळूच म्हणाली, "अजी, त्याले श्वास तं घेऊ द्या."

मी तिला बर्फाचा सगळा धंदा समजावून सांगितला. ती गप्प बसली.

एका सकाळी फ्रिजही गप्प झाला. मोहाडीहून मेकॅनिकला आणलं. तो पाहतच राहिला.

"बाबाजी, याचं लगन लावून राहिले का?" मग पोती सोडता सोडता म्हणाला, "बर्फ नुसता पडून राहाते. फ्रिज काम करते. आतली गरमी मागून बाहेर फेकते. तुमी तिची वाटच बुजवली."

माझं त्याच्याकडं लक्ष कुठं होतं! सुमित्राचं औषध आत शिजलं असणार आणि तेच ती टोचून घेत असणार. मी हाक मारली, "सुमित्रे, तुयं औषध…"

ती मागच्या दारी गेली आणि रेतीतलं गाडगं घेऊन आली. आत शिशी, गार.

"पयल्याच दिवशी काढून घेतली होती."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"एवढ्या मायेनं बांधून राहिले होते तुमी. कसं सांगू?"

मेकॅनिकनं फ्रिज उघडून पाहिला. आत एकच वांगं होतं, तेही मऊ पडलेलं. एवढ्या बंदोबस्तात मी जपलं ते हे!

सुमित्रानं ते दाबून पाहिलं. "चला," ती म्हणाली, "भरतासाठी भाजाचं काम वाचलं."