दाजींनी मारायला सांगितलेली बुरशी

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, मग सांगतो.

मी विज्ञानातल्या भीतीच्या गोष्टी लिहितो. मागं एकदा लिहीत होतो त्या गोष्टीतली एक बुरशी माणसांच्या अंगात शिरून त्यांना हवं तसं नाचवत होती. म्हटलं, काय डोकं आहे आपलं, राव!

त्याच दिवसांत पिंपरी पेंढारला गेलो, आक्काकडे. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, मला मक्यात घेऊन गेले. त्यांच्या गायींचा वर्षाचा चारा याच मक्यावर, आणि त्यात पडलेली लष्करी अळी.

"ह्ये बघा, पावणं."

शेंड्याला एक अळी घट्ट धरून बसलेली. पांढरीफटक, मेलेली, अंगभर बुरशी. हे मी फक्त वाचलं होतं. बुरशी कातडीतून आत शिरते, अळीला आतून खाते, आणि मरायच्या आधी तिला शेंड्यावर चढायला लावते. का? तर वरून तिच्या बीजांची भुकटी खालच्या अळ्यांवर पडावी म्हणून. अंगावर काटा आला. तिला मेंदू नाही, डोळे नाहीत, आणि ही करामत? माझी गोष्ट तिच्यापुढं अगदीच पोरकट वाटायला लागली.

"दाजी, लई भयानक आहे हे."

"व्हय ना. निम्म्या मक्याला बुरशी मारलीय. मी मंचरला चाललोय, राहिलेल्याला तुमी मारा. पंपाशेजारी पुडा हाय."

पंपाशेजारी पुडे दोन होते. एकावर ठळक अक्षरात 'बुरशीनाशक'. बुरशीच मारायची, मग दुसरा पुडा बघतो कोण?

दाजी परत आले. "मारली का बुरशी?"

"निम्मी कशाला? आख्ख्या रानातली मारली. एक जिवंत ठेवली नाय."

दाजींनी रिकामा पुडा पाहिला आणि बांधावर बसले.

"पावणं, ह्ये टोमॅटोचं औषध. बुरशी मारा म्हंजी तिचा फवारा मारा. अळीवर म्याच सोडली व्हती ती."

म्हणजे अळीला वाचवणारा तालुक्यात मी एकटाच. गायींकडं बघायची हिंमत होईना.

दाजींनी पुन्हा बुरशी फवारली. काही दिवसांनी पाहतो तर शेंड्याशेंड्याला पांढऱ्या अळ्या. मी हात जोडले. बुरशी मलासुद्धा पुरून उरली होती.

आक्का चहा देत दाजींना म्हणाली, "अळी परवडली. बुरशी शिरली की गप शेंड्यावर जाऊन बसती. ह्याच्या डोक्यात शिरली, तर ह्यो पंप पाठीला लावतो."