मंगलवहिनीची बंदूक

शेवगावला आमच्या शेजारच्या किराणा दुकानात दादाचा फोन आला, तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. वहिनीला कावीळ झाल्याचं कळलं होतं, पण चाळिशीतली धट्टीकट्टी बाई काविळीनं जाते का कुठं? "मंगल गेली," एवढंच दादा म्हणाला. दादाच्या सावेडीच्या घरात पाऊल टाकेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. आता महिना होत आला, अजूनही नीट बसत नाही.

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं तरी सुरुवातीला कुठं पटलं? हिच्या हातात लाटण्यापेक्षा पाना-पेचकस जास्त. मिक्सर बिघडला की उघडून बसायची, आणि वर म्हणायची, या घरात माझ्याइतकी अक्कल कुणाला आहे का सांगा. दादा नागापूरच्या एका कारखान्यात कामाला. त्याच्या साहेबांनी परदेशातून माझ्या भाचीसाठी, पिंकीसाठी, एक खेळण्यातली बंदूक आणून दिली. मागची कडी ओढायची, चाप दाबायचा, की फोमचा बाण सुटतो. सुटतो कसला, पायाशीच पडायचा! पिंकीनं लगेच टाकून दिली. वहिनीनं मात्र पेचकस घेतला. आतला दट्ट्या हवा ढकलतो आणि ती हवा बाजूनं निसटते, हे तिनं बरोबर हेरलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून दट्ट्याला वायसर बसवला, खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि मला म्हणाली, ताई, जरा बाजूला व्हा. बाण पुढची खोली, स्वयंपाकघर ओलांडून थेट मागच्या दारावर आपटला. मी तोंडात बोटं घातली.

पुढच्याच वर्षी आण्णांना, माझ्या वडिलांना, लकवा मारला. उजवा हात लुळा पडला. जन्मभर शेती केलेला माणूस, दुसऱ्याच्या हातानं घास खायची पाळी आली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, हात हलवला नाही तर कायमचा जाईल म्हणून बजावलं. आण्णांनी चेंडू भिरकावून दिला. आम्ही विनवण्या केल्या, मी तर रडले. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले...

वहिनी रडली नाही की विनवलं नाही. तिनं बंदूक पुन्हा उघडली, दट्ट्यामागची मूळची स्प्रिंग काढून अगदी मऊ घातली, कडी हलक्या हातानं ओढता यावी म्हणून. हवा आता कुठं निसटत नव्हती, त्यामुळं मऊ स्प्रिंगवरही बाण समोरच्या कपाटापर्यंत जायचा. कपाटावर तिनं रिकाम्या काडेपेट्या मांडल्या, सासऱ्याच्या डाव्या हातात बंदूक दिली आणि म्हणाली, "आण्णा, एक पाडून दाखवा. न्हाईतर मी पाडते." सुनेनं सासऱ्याला असं ललकारावं! आण्णांनी लुळी बोटं कशीबशी कडीत अडकवली, ओढली... आणि पेटी पडली. मग तो रोजचाच खेळ झाला. मधूनच आण्णा कुरकुरायचे, आज कडी जड लागतीय. ती सरळ चेहऱ्यानं सांगायची, पावसाळी हवेनं प्लॅस्टिक आवळतं हो. आम्हाला खरंच वाटलं. हळूहळू आण्णा आपल्या हातानं जेवायला लागले, सदऱ्याच्या गुंड्या लावायला लागले. डॉक्टरसुद्धा बघत राहिले.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. आण्णा पलंगावर बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. मी ती उचलून सहज कडी ओढायला गेले, तर जागची हलेना. बंदूक पोटाशी धरून सगळा जोर लावला, तरी अर्ध्यावरच अडली. दादा म्हणाला, "स्प्रिंगा मीच आणून द्यायचो. दर थोड्या दिवसांनी आदल्यापेक्षा कडक. आण्णांना सांगायचं न्हाई, अशी तिची ताकीद." केवढी बाई होती ही! आणि आम्ही तिला नुसती उचापतखोर म्हणत आलो.

आण्णांनी माझ्या हातातून बंदूक घेतली.

"तिला वाटायचं, म्हाताऱ्याला कळत न्हाई," ते म्हणाले. "मला कवाच कळलं हुतं. बोललो असतो तर तिची गंमत गेली असती."

आणि उजव्या हातानं त्यांनी ती कडी शेवटपर्यंत ओढली.