अतीकचं ठरत नाही

अतीकला काहीही विचारा, तो दोन्ही बाजूंनी उत्तर देतो. चहा घेणार का म्हटलं, तरी "घेऊ की. नको तर राहू दे," म्हणतो. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यांमागं एका खोलीत आम्ही दोघं सॉफ्टवेअरची कामं करतो. टेबलं दोन, खुर्च्या तीन. तिसरी त्याच्या शंकांना.

त्याच्या मावशी, कमरबी खाला, उर्दू शाळेत शिकलेल्या, त्यांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांची मुलगी आरजू मराठी शाळेतली, तिला उर्दू लिहिता येत नाही. एका घरात होत्या तोवर याचं कुणाला काही वाटलं नाही. आरजू लग्न होऊन करमाळ्याला गेली. सासरी फोनवर मोकळं बोलता येईना, म्हणून ती मेसेज लिहू लागली. ते अतीक खालांना वाचून दाखवायचा. फोनलाच मोठ्यानं वाचायला लावावं, तर सगळं घर ऐकतं.

"बेटी का लिखेला मेरेकू मेरी आँखों से पढने का है," खाला एकदा त्याला म्हणाल्या.

झालं! देवनागरी मजकूर उर्दू लिपीत करणारं एक्स्टेंशन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला जोडायचं शेपूट, अतीक बनवणार. पण कशाचं? ब्राउझरचं केलं तर कॉम्प्युटरवर उघडलेल्या पानावरच अक्षरं बदलणार. हे त्याला डोळे मिटून जमतं. फोनमधल्या ॲपचं केलं तर मेसेज निवडून तिकडं पाठवायचा, की हातातच उर्दू. यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सकाळी ब्राउझर, दुपारी ॲप, संध्याकाळी पुन्हा ब्राउझर. दोन्ही सुरू केली, दोन्ही अर्धवट. एक ना धड, भाराभर चिंध्या. ऐकून ऐकून माझ्याही डोक्याचं भजं झालं.

"श्रीशैल, तू सांग की."

"ब्राउझरचं कर! येतंय ते सोडून कशाला आडरानात शिरतोस?" मी ओरडलो.

त्यानं ते केलं. खालांना खोलीवर बोलावलं, त्यांचा फोन कॉम्प्युटरला जोडला. आता आईच वाचणार हे कळल्यावर आरजूनं पाठवलेला नवा मेसेज भल्या मोठ्या स्क्रीनवर उर्दूत उमटला. आम्ही दोघं शाबासकीसाठी मागं उभे. खालांनी पहिली ओळ वाचली आणि डोक्यावरची ओढणी पसरून स्क्रीनच झाकली. मला उर्दूचं एक अक्षर येत नाही, तरी मी खिडकीकडं तोंड केलं. अतीकला येतं. तो कानापर्यंत लाल झाला.

मग ॲपचं एक्स्टेंशन. शिकताना पोरगं रडकुंडीला आलं. कधी ओळी उलट्या दिशेनं लागायच्या, कधी नुसते ठिपकेच दिसायचे. त्यातही मधूनच, "ब्राउझरचंच सुधारू का रे?" मी त्याला चहाचा ग्लास फेकून मारायचा तेवढा बाकी ठेवला होता.

अखेर ते चाललं. खाला फोन घेऊन आमच्या पायरीवर पाठमोऱ्या बसल्या. पलीकडं मागांचा खडखडाट सुरू होता. त्या वाचत राहिल्या. मध्येच हसल्या, मग ओढणीनं डोळे पुसले.

"क्या लिखी, खाला?" अतीकनं सवयीनं विचारलं.

खालांनी फोन छातीशी धरला. "तेरेकू क्या करने का?"

अतीक माझ्याकडं बघत राहिला. आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, हे काही त्याचं ठरेना.