हलकं चाक आणि कमलमावशीचं दार

मी अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते माझ्या अज्ञानातून झालं, असं म्हणायची मला सोय नाही.

सौंसरमध्ये माझी लाल गाडी बहुतेकांना माहीत आहे. दिसायला लहान, पण इंजिन टर्बोचं. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या मुलानं ती हौसेनं घेतली, लग्न ठरल्यावर विकली (त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांची अट होती म्हणे), आणि मी तितक्याच हौसेनं घरी आणली. आमचे हे, सुधाकरराव, बोरगावला संत्र्याची बाग पाहतात. त्यांना ट्रॅक्टर येतो, मोटरसायकल येते; कार येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. "घरात एक डायव्हर पुरे झाला," म्हणतात. सासूबाई त्या गाडीत बसायच्या, उतरायच्या, पण गाडीविषयी बरं-वाईट एक अक्षर बोलायच्या नाहीत. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की सुनेनं गाडी चालवणं त्यांना पसंत नाही, फक्त भल्या आहेत म्हणून बोलत नाहीत.

तर गेल्या हिवाळ्यात गाडीचा क्लच घसरायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा भर्रकन वर जायचा, आणि गाडी मात्र आपल्या चालीनंच चालायची. (आमच्या स्टाफ मीटिंगसारखं. आवाज वर, प्रगती जागेवर.) मी नागपूरला एका मेकॅनिककडे गेले. त्याच्या गॅरेजात भिंतभर रेसच्या गाड्यांचे फोटो होते. तिथूनच परत फिरायला हवं होतं.

"मॅडम, साधा क्लच काय टाकता? या इंजिनाला तगडा क्लच पाहिजे," तो म्हणाला. "आणि गिअरबॉक्स उतरवतोच आहे, तर फ्लायव्हीलपण हलकं टाकून घ्या. इंजिनमागचं हे जड चाक पाहा. याचं वजन निम्मं केलं की इंजिन असं चढेल!" त्यानं चुटकी वाजवली.

"गावात चालवायला त्रास?"

"थोडी सवय लागते."

आता हे जड चाक कशाला असतं, ते मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. इंजिनाचे धक्के ते पोटात घेतं, आणि गाडी हळू असताना इंजिनाला बंद पडू देत नाही. जडत्वाचं यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकात नाही. हे सगळं मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, "टाका!"

नागपूरहून सौंसरला येताना हायवेवर गाडी अशी पळाली की मी एकटीच खिदळत होते. आमच्या गल्लीत वळले आणि पहिल्या स्पीडब्रेकरला गाडी फुस्सकन बंद पडली. सुरू केली, क्लच सोडला, तिनं बेडकासारख्या तीन उड्या मारल्या आणि पुन्हा बंद! क्लचचं पेडल इतकं जड की पाय नव्हे, अख्खी मी त्यावर उभी राहत होते. आणि तो सोडताना मधली जागाच नाही. एक तर गाडी उभी, नाही तर गाडी उडाली.

हे ओट्यावरून पाहत होते. "का वं, गाडी उड्या काहून मारून राहिली?"

"परफॉर्मन्स वाढवला."

"कोणाचा?"

चार दिवसांत सवय होईल असं वाटलं होतं. चौथ्या दिवशी पांढुर्ण्याहून फोन आला.

फोन नरेशभाऊंचा होता, म्हणजे ह्यांच्या मावसभावाचा. कमलमावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. कमलमावशी ही सासूबाईंची पाठची बहीण. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या, पण आमच्या लग्नापासून दोघींत बोलणं नाही. का, ते आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की सासूबाई उठून पाणी भरायला लागायच्या. मी आपली सोन्याच्या पाटलीपासून वाटणीपर्यंत सगळे अंदाज करून झाले होते.

ऑपरेशन म्हटल्यावर सासूबाई दिवसभर पाणीच भरत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "सुधाकर, मी कमलीले पाहाले येतो म्हणा. पण ती दारात घ्याले आली, तरच मी गाडीतून खाली पाय ठेवीन. नाई तर तसंच वापस."

ह्यांनी नरेशभाऊंना कळवलं. तिकडून निरोप आला, "आई म्हणते, ताईनं घरात यावं, बोलीन. पण मी दारात जाणार नाही."

म्हणजे दोघी बहिणी तयार, फक्त मधलं अंगण कोणी ओलांडायचं एवढाच प्रश्न! तरी निघायचं ठरलं. सासूबाईंनी पहाटे उठून रव्याचे लाडू वळले, मावशीला आवडतात तसे वेलची जास्त घालून. इस्त्रीचं मोतिया लुगडं नेसल्या, आंबाडा इतका चोपून घातला की एक केस हलेना. इतक्या वर्षांनी बहिणीपुढे जायचं, तर रुबाबात जायचं. त्या माझ्या शेजारी बसल्या. हे मागे, एका हाताशी संत्र्यांची टोपली आणि मांडीवर लाडवांचा डबा.

मोहगावपर्यंत सगळं झकास. मोहगावला नेमका बाजार भरलेला!

बाजारातून गाडी रांगत न्यावी लागते, आणि माझी गाडी रांगणं विसरली होती. पहिला झटका बसला तशी टोपली कलंडली आणि संत्री माझ्या सीटखाली गडगडत आली. दुसऱ्या झटक्याला सासूबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. तिसऱ्याला गाडी बंद. सुरू केली. बंद. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवून राहिला होता, पुढे एक म्हैस मला निरखून पाहत होती. वांगी विकणारी एक बाई उठून खिडकीशी आली.

"नवीन शिकून राहिली का माय?"

"नाही हो. वीस वर्षं चालवते."

ती फक्त सासूबाईंकडे फार दयेनं पाहून गेली.

"वर्षा," सासूबाई समोर पाहत म्हणाल्या, "काय जळून राहिलं?"

"क्लच आहे आई. गरम होतो थोडा."

"मले वाटलं घरी गॅसवर दूध राहिलं."

मागून हे म्हणाले, "आई, दूध नाही जळून राहिलं. पण लाडवाचा आवाज बदलला." त्यांनी डबा कानाशी धरून हलवला. आतून पूर्वी टकटक यायची, आता सळसळ येत होती!

त्या बाजारातून बाहेर पडायला जितका वेळ लागला, तितक्या वेळात आम्ही एरवी पांढुर्ण्याला जाऊन चहा पिऊन आलो असतो. सासूबाईंचा आंबाडा सुटून मानेवर आला होता. माझा डावा पाय मांडीपासून थरथरत होता. मला वाटत होतं आता त्या म्हणतील, वळव गाडी मागं. आणि गंमत म्हणजे, मला स्वतःलाच वळवायची होती. चौदा वर्षांनी एक बाई बहिणीकडे निघाली, आणि माझ्या हौसेपायी तिची अशी दशा! माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी ते पाहिलं असावं, कारण त्या चष्मा सावरत म्हणाल्या, "रस्त्याकडं पाह्य. ढोरं हायेत."

मावशीच्या फाटकासमोर मी गाडी उभी केली. न्यूट्रल केलं, पण क्लच सोडला नाही. कारण हलक्या चाकाची आणखी एक खोड होती: उभ्या गाडीत क्लच सोडला की गिअरबॉक्स खडखड वाजायचा, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. इंजिन बंद करायचीही हिंमत होईना. कारण पुन्हा सुरू करून निघताना मावशीच्या दारात उड्या मारत जावं लागलं असतं. आधीच काही रुबाब शिल्लक नव्हता, जो होता तो तरी राहू दे, म्हणून मी पेडल दाबून धरलं.

हे उतरून आत गेले आणि परत आले. "मावशी म्हणते, घरात ये."

"दारात ये म्हणा," सासूबाई.

हे आत गेले. बाहेर आले. "मावशी म्हणते, तिले डॉक्टरनं उन्हात जाऊ नको म्हटलं."

"मले डॉक्टरनं पायऱ्या चढू नको म्हटलं."

(मावशीच्या घराला एकच पायरी आहे.)

हे तिसऱ्यांदा आत गेले. तेवढ्यात माझ्या पायानं हार पत्करली. पेडल सुटलं, आणि साऱ्या गल्लीत खडखडखडखड असा आवाज घुमला! समोरच्या घरातलं कुत्रं भुंकत उठलं. मी पेडल पुन्हा दाबायला गेले, तर पायच हलेना.

आणि दार धाडकन उघडलं. डोळ्यांना काळाभोर चष्मा, हातानं भिंत चाचपत कमलमावशी थेट दारात!

"ए भंगारवाल्या! आज काही नाही! परवाच सारं देऊन टाकलं! जा पुढं!"

मी गारठले. पण सासूबाईंनी गाडीचं दार उघडलं होतं. एक पाय खाली, एक आत, आंबाडा पाठीवर.

"कमले! डोळे गेले का तुहे?"

"ऑपरेशन झालं ना, म्हणून तर!" मावशीही तितक्याच जोरात ओरडली. मग थबकली. "...ताई?"

"मंग? भंगार नाही, मी हाव."

"मंग मी काय वेगळं म्हणून राहिली!"

मावशी हसायला लागली, सासूबाईही हसायला लागल्या, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते कळलंच नाही. सासूबाई अंगण ओलांडून गेल्या की मावशी पायरी उतरून आली, हेही मला सांगता येणार नाही. मी तेव्हा माझ्या चष्म्याची काच पुसत होते. पाहिलं तेव्हा दोघी अंगणाच्या मधोमध होत्या आणि मावशी सासूबाईंचा चेहरा हातांनी चाचपून राहिली होती.

"किती वाळली वं ताई."

"वाळली नाही, हालली. सुनेनं सौंसरपासून हालवत आणलं."

आत गेल्यावर सासूबाईंनी डबा उघडून मावशीपुढे ठेवला. "लाडू आणले होते. आता शिरा कर."

नरेशभाऊंच्या बायकोनं खरंच शिरा केला. तो खाताना मावशीनं काळा चष्मा माझ्या दिशेनं वळवला. (माझ्या नव्हे, ह्यांच्या. पण बोलणं माझ्याशी होतं.)

"थे हीच ना? हिच्यापायीच तर तुटलं आपलं."

मला ठसका लागला. "माझ्यापायी?"

"राहू दे ना कमले," सासूबाई उठायला लागल्या. बहुतेक पाणी भरायला. मावशीनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"राहू कशाले देऊ? पोरी, तुह्या लग्नात तू सोताच जीप चालवत मांडवात आली होती का नाही?"

आले होते. बाबांचा ड्रायव्हर ऐन वेळी आलाच नाही, वऱ्हाड खोळंबलं होतं, म्हणून शालूचा पदर खोचून मीच स्टेअरिंगवर बसले होते.

"मी हिले म्हटलं, ताई, नवरी स्टेरिंग धरून आली. उद्या तुमी सारे मागच्या शिटावर बसान. तर ही मले चार बायांत काय म्हणे? म्हणे, बसू आमी मागच्या शिटावर, तू उठ माह्या मांडवातून!"

ह्यांनी शिऱ्याचा चमचा खाली ठेवला. मी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या लुगड्याची नसलेली सुरकुती काढत होत्या. चौदा वर्षं मी त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत होते, आणि एकही दिवस बरोबर लावला नव्हता.

"आई," मी कसंबसं म्हणाले, "मला वाटायचं, माझं गाडी चालवणं तुम्हाला आवडत नाही."

"आवडते ना. लय आवडते," सासूबाई म्हणाल्या. "पण आज तू चालवली कुठं?"

मावशी इतकी हसली की नरेशभाऊ घाबरले. डोळ्यांवर ताण देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग मी रडले, मग मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून ह्यांच्या डोक्यावरून फिरवला, आणि ह्यांनीही तो मुकाट फिरवून घेतला.

ते जड चाक मी अजून परत बसवलेलं नाही. हळूहळू पायाला मधली जागा सापडायला लागली आहे. मोहगावचा बाजार आता दोनदाच बंद पडून पार होतो. दोघी बहिणींचं मात्र दर पंधरवड्याला जाणं-येणं सुरू झालंय. कधी मावशी इकडे, कधी सासूबाई तिकडे. परवा सासूबाई नवा लाडवांचा डबा घेऊन निघाल्या, तेव्हा मी धावत जाऊन किल्ली आणली.

"आई, पांढुर्ण्यापर्यंत सोडते ना!"

"नको वं."

"बरं, निदान बसस्टँडपर्यंत तरी?"

सासूबाईंनी डबा छातीशी घट्ट धरला आणि फार मायेनं म्हणाल्या, "नको माय. मले बस पकडाची हाय!"