देवयानी आणि भाज्याचा म्हसोबा

सबंध मावळ तालुक्यात अमावास्येची वाट बघणारी माणसं दोनच प्रकारची: एक चोर आणि दुसरे आमचे भावोजी. त्यातल्या चोरांना निदान ठाऊक असायचं की आपण कुणाच्या घरात शिरणार आणि काय उचलणार. भावोजी थेट आभाळातच हात घालायचे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या काळात ते वडगावच्या कोर्टात वकिली करत, आणि मी तिथेच कचेरीत कारकून असल्यामुळे त्यांच्याच घरी राहून अक्काच्या हातचं जेवत असे. त्या जेवणाच्या बदल्यात मी काय काय वाहिलं, ते माझे खांदे अजून विसरलेले नाहीत.

भावोजींना फोटोग्राफीचा नाद होता. पण लोक फोटो काढतात ते बारशाचे, मुंजीचे, फार तर साहेबाच्या निरोपसमारंभाचे. भावोजी काढायचे आभाळाचे, तेही काळ्याकुट्ट रात्री. वकिलीचा धंदा त्यांनी या नादाभोवती बेतून घेतला होता. "मेहरबान, पुढली तारीख शुद्ध पक्षातली मिळावी," असा अर्ज ते दर खटल्यात करत. एकदा न्यायाधीशांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "वद्य पक्षात माझ्या अशिलाची प्रकृती बरी नसते." अशील मागेच उभा होता, खोंडासारखा धट्टाकट्टा. तो म्हणाला, "मला वो काय झालंय?" साक्षीदार अडखळला की भावोजी त्याला दामटत नसत, नुसते बघत बसत. विरुद्ध बाजूचा वकील घाई करू लागला की म्हणत, "अंधारातलं आहे, जरा वेळ उघडं ठेवा, आपोआप उमटेल." आणि खरोखर उमटायचं हो! शिवाय अमावास्येला डोक्यावर काळं फडकं आणि हातात लाल काचेचा कंदील घेऊन हा माणूस डोंगरात जातो, ही बातमी गावोगाव गेली होती. समोरच्या पक्षाचे लोक त्या धास्तीने परस्पर तडजोड करून मोकळे होत. भावोजींना वाटे, आपला युक्तिवाद भारी पडला.

भिंग निवडताना त्यांनी जेवढा घोळ घातला, तेवढा आमच्या वडिलांनी अक्कासाठी स्थळ शोधताना घातला नव्हता. शेवटी विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाकडून माणसांचे फोटो काढायचं जाडजूड पितळी भिंग आणलं. मग त्याचं तोंड किती उघडायचं यावर महिनाभर जेवताना खल. "पुरतं उघडावं तर कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात, फार मिटावं तर तेजोमेघ उपाशी मरतो," असं म्हणून ते आमटीत घातलेला हात तसाच ठेवत. प्लेट, म्हणजे फोटो उमटणारी मसाल्याची काच, किती वेळ उघडी ठेवायची, हा दुसरा वाद. कमी ठेवली तर काही उमटत नाही, जास्त ठेवली तर सगळं आभाळच राखेसारखं काचेवर सांडतं. भिंगावर दंव धरू नये म्हणून त्याला गरम वाळूची पुरचुंडी बांधायची. ती वाळू अक्का चुलीवर भाजून द्यायची. कॅमेऱ्याला जोडलेल्या दुर्बिणीत तारा नेमका मधोमध आहे की नाही हे बघायला भिंगासमोर दोन बारीक धाग्यांची फुली लागते, आणि कोळ्याच्या धाग्याइतकं बारीक जगात काही नाही, म्हणून आमच्या घरातली जाळी काढायला सक्त मनाई होती. दिवाळीतसुद्धा! कोऱ्या प्लेटा पिठाच्या डब्यात असत, कारण त्याचं झाकण घट्ट बसे. एकदा अक्काने भाकरीसाठी तोच डबा उघडला आणि उजेड लागून महागाच्या विलायती प्लेटा क्षणात वाया गेल्या. भावोजींनी अक्काला दोष दिला नाही. मलाच म्हणाले, "तू घरात असून तुला डबा दाखवता आला नाही?"

कारण अक्काला दिसत नसे. लहानपणापासून तिचे डोळे अधू. जाड भिंगाचा चष्मा लावूनही हातभर अंतरापलीकडे तिला सगळं धुकंच. वस्तू नाकाशी नेली की मात्र स्वच्छ दिसायची. तांदळातला खडा तिच्याइतका चटकन कुणाला सापडत नसे. पण जन्मात तिने तारा पाहिला नव्हता. तारे म्हणजे काय, हे तिला ऐकूनच माहीत. भावोजी आपल्या प्लेटा हौसेने तिच्या हातात देत. पण कॅमेरा तिपाईवर डुगडुगायचा, वर आभाळ फिरत राहायचं, आणि प्लेटेवर नुसत्या रेघा उठायच्या. अक्का काच नाकाला लावून म्हणायची, "तारे असे लांबट असतात होय? तांदूळ सांडल्यासारखे?" भावोजी लाजेने पाणी पाणी होत. मी एकदा तिला खूश करायला म्हणालो, "हो हो, असेच असतात." त्यावर मला अंगणात नेऊन त्यांनी असं झापलं की विचारू नका. "कोर्टात खोटं बोललास तर फार तर शिक्षा होईल," म्हणाले. "आभाळाबद्दल खोटं बोलू नकोस. तेवढी एकच जागा स्वच्छ उरली आहे."

मग एका माघात आम्ही अक्काला पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं की दृष्टी आतूनच चालली आहे, चष्म्याचा उपयोग नाही. फार तर वर्षभर. परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसून मजेत शेंगा सोलत होती आणि भावोजी तिच्या बोटांकडे बघत होते. तळेगाव गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "ती आभाळापर्यंत पोचत नाही. पण आभाळ तिच्या नाकाशी आणून देता येईल ना रे?" आणायचं काय, तेही ठरलं होतं: देवयानी तारकासमूहातला तेजोमेघ. नुसत्या डोळ्याला तिथे फुंकर घातल्यासारखा एक पुसट डाग दिसतो. "डोळा दर क्षणाला विसरतो," भावोजी म्हणत. "काच विसरत नाही. ती बघत राहते, साठवत राहते, आणि माणसाला कधीच दिसणार नाही ते तिला दिसतं." हे ते इतकं हळू बोलत की माझ्यासारख्या टवाळाच्याही अंगावर काटा यायचा.

तिपाई डुगडुगते, म्हणून भाजे गावच्या लेण्यांच्या वरच्या माळावर आबांच्या रानात त्यांनी दगडचुन्याचा कमरेइतका खांब बांधला. आबा म्हणजे तिथले जाणते शेतकरी. एका वाटणीच्या दाव्यात भावोजींचे अशील. खांबात लोखंडी खिळे बसवून त्यावर ध्रुवाच्या रोखाने फिरणारी बैठक करायची होती, म्हणजे कॅमेरा आभाळाबरोबर फिरवता आला असता. ती जुळवण्यात फाल्गुन ते वैशाख गेला. दर खेपेला भावोजी चपला बाजूला काढून उत्तरेकडे तोंड करून उभे राहायचे, खांबाभोवती पांढरा दोरा गुंडाळून मोजमाप घ्यायचे, माथा सपाट आहे का ते बघायला वर तांब्याने पाणी ओतायचे, आणि मग तासन् तास अवाक्षर न बोलता वर बघत राहायचे. गुराखी लांबून हे सगळं बघत होते. पुढे पाऊस लागला, आणि मावळातला पाऊस म्हणजे चार महिने आभाळाचं नाव काढायला नको. दसरा झाल्यावर आम्ही वर गेलो, तर खांबाला शेंदूर! दोन चांदीचे डोळे, पुढ्यात नारळ, अंडी, लिंबं. आबांचा हरवलेला बैल श्रावणात याच खांबाला पाठ घाशीत उभा सापडला होता. आमचा खांब म्हसोबा होऊन बसला होता.

भावोजींनी कपाळावर हात मारून घेतला. अक्काला आता नाकाशी नेलेलंही अंधूक होऊ लागलं होतं. नवा खांब बांधून ध्रुवाशी जुळवायचा तर पुन्हा उन्हाळा आला असता, आणि तोवर बघणारे डोळेच उरले नसते. कार्तिकातली अमावास्या तेवढी हाताशी होती.

त्या दिवशी दुपारी ते आबांपुढे उभे राहिले. "खांब मी बांधला, दगड माझे, चुना माझा," असं त्यांनी कोर्टातल्या आवाजात सुरू केलं. आबा शांतपणे म्हणाले, "मूर्ती घडवली म्हून पाथरवट देवाचा मालक व्हतो व्हय? आन वकीलसायेब, थापना तुमीच तर केली. दोरा बांधला, अभिशेक घातला, अनवाणी हुबं ऱ्हायलात. आमी डोळ्यानं पायलंय." भावोजींनी तरी दोन कलमं सांगून पाहिली. शेवटी आबा म्हणाले, देवालाच विचारू, कौल लावू. खांबाच्या उजव्याडाव्या अंगाला पाण्यात भिजवलेली दोन फुलं चिकटवली; उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. "डोक्यावर यंत्र ठिऊ का?" असं आबांनी विचारलं. डावं फूल टपकन खाली आलं.

आबांच्या पत्नी, आम्ही त्यांना मावशी म्हणत असू, भाकरी घेऊन वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पर तुमाला एवढी नड कशाची हाय? औंदाच कशापायी?" तेव्हा भावोजींनी सगळं सांगितलं, अक्काचे डोळे, डॉक्टर, वर्षभराची मुदत. मावशी त्यांच्यावर चिडल्याच. "आन ह्ये देवाला सांगितलंत का? निस्ता हक्क सांगितला! बायकूचं नाव बी काढलं न्हाई! पुन्यांदा इचारा, आन आता तुमीच इचारा." फुलं पुन्हा चिकटवली. देवापुढे जन्मात हात न जोडलेला तो माणूस हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "तिचे डोळे चाललेत. एकदा दाखवायचंय. दीड तास माझं ओझं डोक्यावर घे." फुलं हलेनात. तेलाशेंदरात चांगलीच चिकटली होती. मी मनातल्या मनात कुलदैवतापासून सगळ्यांना साकडं घातलं. मग उजवं फूल जरासं घसरलं, थांबलं, आणि पडलं. मावशींनी पदराने डोळे पुसले. मीही पुसले, सांगायला लाज कसली!

काळोख पडल्यावर आबांनी खाली निरोप धाडून वाडीतले उघड्यावरचे दिवे झाकायला लावले. म्हसोबाच्या डोक्यावर कॅमेरा चढवून भावोजी दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि एका पितळी स्क्रूवर दोन बोटं ठेवून आभाळाच्या चालीने तो फिरवू लागले, इतका हळू की बोटं हलतायत हेसुद्धा कळत नव्हतं. वर एवढे तारे होते की काळं आभाळ शोधावं लागत होतं. इतकी वर्षं मी या माणसाबरोबर डोंगर चढलो, पण थंडीला शिव्या घालण्यापलीकडे मी वर धड बघितलंच नव्हतं. त्या रात्री मान दुखेपर्यंत बघितलं. बऱ्याच वेळाने आबा कुजबुजले, "काय दिसतंय वो?" डोळा न काढता भावोजी म्हणाले, "आबा, हा उजेड तिकडून निघाला तेव्हा या डोंगरात लेणं नव्हतं, खाली गाव नव्हतं. माणूस तरी होता की नाही, देव जाणे." आबा म्हणाले, "मंग त्यो निगाला कुनासाटी?" भावोजींच्या बोटांत स्क्रू फिरतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडगावात मोरीत फडक्यांनी अंधार करून त्यांनी प्लेट औषधात धुतली. मधोमध तिरका, लांबोडका तेजोमेघ, दोन्ही टोकांना विरत गेलेला. काच ओली असतानाच त्यांनी ती ओसरीवर अक्काच्या हातात दिली. काचेवर उजेड काळा उमटतो, त्यामुळे पांढऱ्या उन्हापुढे तारे काळे दिसत होते, आणि तिच्या डोळ्यांना तेच सोयीचं होतं. तिने काच नाकाला टेकवली. भावोजी तेजोमेघाची महती सांगू लागले: लाखो वर्षं, अफाट अंतर. अक्काचं लक्ष नव्हतं. ती डागाकडे बघतच नव्हती. "अगं बाई," ती म्हणाली, "हे बारीक बारीक, सुईच्या टोकासारखे... हे तारे? तुम्हाला सगळ्यांना रोज असे दिसतात?" आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. ओल्या काचेवर तिची बोटं उमटत होती. प्लेटेवर कुणी श्वास टाकला तरी ओरडणारे भावोजी नुसते बघत राहिले.

मग ती हळूच म्हणाली, "अहो, एक सांगू? लग्नात गुरुजींनी अरुंधती दाखवली ना, तेव्हा मी 'दिसली' म्हणाले. मला काहीच दिसलं नव्हतं. यात कुठली हो अरुंधती?"

अरुंधती सप्तर्षींत, वसिष्ठाच्या शेजारी. तिचा नि देवयानीचा काहीएक संबंध नाही, ती त्या काचेवर असणंच शक्य नव्हतं. हे तोवर मलासुद्धा कळत होतं. भावोजींनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग तेजोमेघाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका बारक्या ठिपक्यावर करंगळी टेकवून ते म्हणाले, "ही."

अक्काने खूप वेळ बघितलं. "दिसली," म्हणाली.

होळीपर्यंत तिचे डोळे गेले. आता ती नाही, भावोजीही नाहीत. लग्नात गुरुजी अरुंधती दाखवायला उठले की सगळा मांडव त्यांच्या बोटाकडे बघतो. मी आपला देवयानीचा डाग शोधतो, आणि त्याच्या जरा खाली बघून हात जोडतो.